रुतणीवरची हळद

पालेगावच्या हरिचंद्रने समाजाच्या हॉलसाठी जमीन दिली, तेव्हा सभेत टाळ्या कडाडल्या. कुठली जमीन ते कळल्यावर त्या जरा मंदावल्या. त्या खाचराचं नावच 'रुतणी'. तिथे बैल रुतले होते, ट्रॅक्टर रुतला होता आणि खुद्द हरिचंद्रच्या लग्नातला फोटोग्राफर गुडघाभर रुतून तिथूनच फोटो काढत राहिला होता. अल्बममध्ये सगळे वऱ्हाडी उंच दिसतात ते त्यामुळे.

पण रुतणीने सगळ्यात खोल ओढली होती ती हरिचंद्रची अब्रू. तिच्याच कडेला पूर्वी समाजाची शेड होती. थोरल्या लेकीच्या हळदीत बेंजो तापला, दोनशे आगरी माणसं एका ठेक्यात उडाली आणि फरशी वीतभर खाली बसली. व्याही नेमके मधोमध होते. गेली बारा वर्षं ते हरिचंद्रकडे आले की आधी जमिनीकडे बघतात, मग नमस्कार करतात. आता धाकटीची, मनालीची, हळद नव्या हॉलात व्हायची होती. हरिचंद्रने बायकोला सांगून ठेवलं होतं, "मोतीबाई, या टायमाला नारल फुटंल, फरशी नाय."

हॉलचं डिझाइन बदलापूरच्या विनितामॅडमचं. त्यांनी समजावलं होतं, मऊ मातीत खोल भोकं पाडायची, त्यात थराथराने खडी भरायची आणि प्रत्येक थर यंत्राने ठोकायचा.

"म्हंजे जमीन चोपायची आपली धुम्मसच," हरिचंद्र म्हणाला. "इंजिन लावलेली."

"अगदी! खडी ठोकली की भोवतालची मातीही आवळते. मग पाया फार खोल, फार मोठा करावा लागत नाही."

घोळ केला तो एका शब्दाने. मॅडम त्यांना 'खडीचे खांब' म्हणाल्या. समितीचा अध्यक्ष कल्पेश हा हरिचंद्रचा पुतण्या. हॉलआधी कोनशिला तयार करून बसलेला. नकाशावरचे नव्वद गोल बघून तो उसळला, "खांब खांबाखाली पायजे! हॉलच्या मधी एक तरी खांब हाय का? मग फरशीखाली हे साठ कशाला? टाइम खोटी!" साठ गोलांवर लाल काट मारली गेली. हरिचंद्रने विरोधाचा हात वर केला. सेक्रेटरीने तो होकारात मोजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हरिचंद्रने अख्खी समिती रुतणीवर बोलावली. चाचणीसाठी आधीच ठोकलेल्या दोन खडीच्या खांबांवर त्याने प्लायवूडची दोन टोकं टेकवली होती. मध्ये नुसती मऊ माती. शेजारी बेंजोवाला.

"नाचा."

"काका, सकाळचे नऊ वाजल्यात!"

"हळदीला घड्याल बघून नाचतंस काय?"

बेंजो वाजला. आगरी माणूस बेंजोपुढे समितीत राहत नाही. दुसऱ्या कडव्याला प्लायवूड मधोमध वाकलं, तिसऱ्याला मोडलं आणि अध्यक्ष पांढऱ्या बुटांसकट घोट्यापर्यंत गेले.

काट मारलेला नकाशा हातात घेऊन तावातावाने आलेल्या विनितामॅडम हे दृश्य बघून थबकल्या आणि त्यांचा राग हसण्यात गेला.

"कल्पेशदादा, तुमचा स्लॅब खांबांवर टांगलेला नाही, तो जमिनीवर झोपलाय. कडा घट्ट आणि मध्ये मऊ राहिलं, तर कडा जागेवर राहतील, मध्य खचेल, स्लॅब तडकेल. खाली सगळीकडे सारख्या अंतरावर खडी ठोकली, वर खडीची दाबलेली गादी घातली, तर सहा इंचांचा स्लॅब पुरतो. ते नको असेल तर तुळया घालून, जाड स्लॅब पायावरच तोलावा लागेल. उद्घाटन मग पुढच्या वर्षी."

"नको नको," चिखलातून कल्पेश म्हणाला.

"आनि मॅडम," हरिचंद्रने विचारलं, "वजन कुनाचं धरलंव? खुर्चीवर बसलेल्याचं?"

मॅडमनी पेन काढलं. "हो. नाचतात किती?"

"सगलेच."

"वयस्कर मंडळी?"

"ती जरा जास्तच."

फरशीखालच्या साठांचे बहात्तर झाले. पुन्हा घोळ नको म्हणून इतिवृत्तात ठराव झाला, की यापुढे त्यांना खांब न म्हणता 'ठोसा' म्हणावं. एकेक ठोसा हरिचंद्रने उभं राहून ठोकून घेतला. "माज्याकडं कदी येवडं निरखून बगितलं नाय," मोतीबाई डबा ठेवताना म्हणाली.

मनालीच्या हळदीला चारशे माणसं उडाली. बेंजोवाला पाणी प्यायला थांबला, तशी हरिचंद्रने खिशातली गोटी काढून हॉलच्या मधोमध ठेवली आणि उकिडवा बसून बघत राहिला. गोटी जागची हलली नाही.

भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या थोरल्या व्याह्यांनी जमिनीकडे पाहिलं. मग गोटीकडे. हरिचंद्र उठला, त्यांचा हात धरला आणि बेंजोवाल्याला ओरडला, "आता वाजव रं, जोरात!"

बारा वर्षांनी व्याही मधोमध आले. पहिल्या उडीला त्यांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या उडीला उघडे होते.