न बोलता मरणारा प्रोग्रॅम

नागपूरच्या आमच्या वीजबिलाच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा टायपिंगच्या खोलीतून त्याच्या खोलीत गेलेली मी एकटीच. परीक्षा देऊन गेले होते, वशिल्याने नाही. ऐंशीचं दशक होतं. खिडकीवरचा कारकून ग्राहकाचा नंबर टाइप करायचा आणि आमच्या मोठ्या मशीनवरचा प्रोग्रॅम त्याच्या पडद्यावर उत्तर धाडायचा. प्रोग्रॅम मुंबईच्या एका इंजिनियरने लिहिलेला.

हा प्रोग्रॅम दिवसाढवळ्या मरायला लागला. सगळे पडदे गोठायचे आणि काय झालं हे सांगणारी एक ओळही प्रिंटरवर नसायची. कारकून दारात येऊन म्हणायचा, "बाई, मेला पहा पुन्हा. लोक मले शिव्या देऊन राहिले." मुंबईच्या इंजिनियरने फोनवरच निदान केलं: तुमच्या बाई चुकीचं बटण दाबत असतील. साहेबांनाही ते पटलं. "हा आठवडा पाहतो, नाहीतर तुम्ही टायपिंगला परत जा," म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी प्रोग्रॅम वाचायला बसले. तर काय, प्रिंटरची खडखड साहेबांच्या केबिनमध्ये जाते म्हणून प्रत्येक चौकशीच्या नोंदी लगेच छापायच्याच नाहीत, मेमरीत साठवून संध्याकाळी एकदम छापायच्या, अशी सोय केलेली! प्रोग्रॅम मेला की साठलेल्या नोंदीही त्याच्यासोबत जायच्या. मी ती सोय काढून टाकली. आधी छाप, मग काम कर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रिंटर खडखडत राहिला. साहेब दारात येऊन कपाळाला आठ्या घालून गेले. मी मान वर केली नाही. दुपारी पडदे गोठले. शेवटची ओळ होती कुही गावाकडच्या एका ग्राहकाची. जोडणी नवीन, बिल अजून एकही नाही. प्रोग्रॅम त्याची महिन्याची सरासरी काढायला जायचा आणि शून्याने भागायची वेळ आली की जागीच आडवा व्हायचा. ज्याच्या घरी दिवा नुकताच लागलाय असाही कोणी चौकशीला येईल, हे त्या शहाण्याला सुचलंच नव्हतं.

मी तेवढं दुरुस्त केलं. प्रोग्रॅम पुन्हा मेला नाही. बर्डीच्या बाजारातून पेढे घेतले आणि कचेरीत न वाटता घरीच संपवले, इतका अभिमान वाटत होता.

साहेबांनी मुंबईला कळवलं. तिकडून फोन आला, चूक पकडणाऱ्याशी बोलायचंय. साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. इंजिनियर सुरूच झाला, "सर, कमाल केलीत. पुढे काही झालं तर तुम्हीच पाहाल ना?"

"पाहीन," मी म्हणाले. तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण कोणाशी बोलतोय.