वहाबभाईंचा पाण्याचा कॅन

वहाबभाई आमच्या कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत बावीस वर्षं कंत्राटी अटेंडंट होते. हायड्रोजनचं सिलिंडर उघडलं की प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघायचे. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, म्हणून नळ्या धुवायला पडेगावच्या आपल्या घरून स्कूटरवर कॅन भरून आणायचे.

मी दीपमाला, त्यांच्याच हाताखाली शिकलेली पीएचडीची विद्यार्थिनी, आणि लई शहाणी. पोलादी नळीत जस्त आणि झिरकोनियमच्या ऑक्साइडची पूड भरायची, ती तीनशे अंशांवर तापवून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन दाबानं सोडायचे, हे माझं काम. दोन्ही वायू पुडीच्या कणांवर चिकटतात, तिथंच जुळतात आणि मेथॅनॉल होऊन सुटतात.

मार्चात मेथॅनॉल इतकं आलं, की माझे गाईड सर नाचायचेच बाकी राहिले. वहाबभाई म्हणाले, "मॅडम, एकदा नुसत्या नायट्रोजनवर चालवून बघा ना."

"आता तुम्हीच गाईड व्हा!" मी फटकारलं.

पुढं सरांनीच तसं करायला लावलं. नवी पूड, नुसता नायट्रोजन, तरी मेथॅनॉल! नुसत्या नायट्रोजनपासून ते होऊच शकत नाही, म्हणजे ते आधीपासूनच नळीत होतं. पाणी वाचतं, लवकर वाळतं, म्हणून महिनाभर मीच नळी मेथॅनॉलनं खंगाळून घाईत ओलीच भरत होते. पूड ते धरून ठेवायची आणि तापली की सोडायची.

"नळी कोण धुतं?" सर कडाडले.

"वहाबभाई," मी म्हणाले. ते मागंच उभे होते.

"व्हय साहेब, गलती झाली," ते म्हणाले. जूनमध्ये त्यांचं कंत्राट पुढं वाढलं नाही.

परवा पडेगावला गेले. त्यांच्या मुलीनं, अरफानं, चहा आणला. ती आत गेल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. लाजेनं मान वर होत नव्हती.

"मला ठाऊक होतं," वहाबभाई म्हणाले. "कॅन महिनाभर भरलेलाच होता की."

"मग तेव्हाच बोलला का नाय?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल. जूनपर्यंत वाट बघितली." त्यांनी कप खाली ठेवला. "आता साहेबांना सांगून आलात ना?"

सरांची केबिन ओलांडूनच मी इकडं आले होते. आत गेले नव्हते.

"नाय," मी म्हणाले.

वहाबभाई उठले आणि माझ्या चपला दाराकडं तोंड करून ठेवल्या. "मग इथं काय करताय, मॅडम? साहेब पाचपर्यंत असतात."