बारा फेऱ्यांचा सौदा

पासष्टच्या लढाईच्या दिवसांत माझा साडू वसंता याने मला फसवलं. पाण्यात फसवलं, आणि रोज सकाळी सहा वाजता स्वतःच्या सायकलवर डबलसीट नेऊन फसवलं.

मला फसवणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वरूडहून एक पत्र्याची पेटी घेऊन मी जबलपूरला आलो आणि तिथल्या गढा भागात लोखंडी सामानाचं दुकान उभं केलं. खिळे, कड्या, साखळ्या, बादल्या. समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मी आयुष्यात कधी कबूल केलेला नाही. (लग्नात भटजी सात पावलं म्हणाले, तेव्हाही पाचात भागेल का म्हणून मी विचारलं होतं.)

त्या वर्षी माझे गुडघे बोलायला लागले. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पोहा, नाहीतर काठी घ्या." माझी बायको विमल हिने त्याच दिवशी वसंताला बोलावणं धाडलं. वसंता तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, संरक्षण कारखान्यात लेथवर होता. कारखान्याच्या वसाहतीत मोठ्या वयाच्या माणसांचा पोहण्याचा क्लब होता. लढाईमुळे पाळ्या वाढल्या, पोहायला कोणी उरेना, म्हणून कामगारांच्या नातेवाइकांनाही घेऊन राहिले होते.

"दादा, चला ना. विहिरीत पोहले आहात तुम्ही, तलाव म्हणजे काय," वसंता म्हणाला.

हा माणूस कामाशिवाय गोड बोलत नाही. मला तिथेच संशय आला.

क्लबात पोहणं शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक मास्टरजी होते. गळ्यात शिट्टी, आवाज तोफेचा. त्यांनी पहिल्या दिवशी मला नियम सांगितले. आधी अंगावर पाणी घ्यायचं. तेल लावून उतरायचं नाही.

"सिर पे नहीं लगाऊंगा. घुटने पे चलेगा?" मी विचारलं.

"नहीं."

"एक घुटने पे?"

मास्टरजींनी वसंताकडे बघितलं. वसंताने मान खाली घातली. (हसत होता. हे मला फार उशिरा कळलं.)

पुढचा नियम असा, की दोरीच्या पट्ट्यात सगळ्यांनी डाव्या बाजूने रांगेत पोहायचं, आणि मागच्याने पायाला हात लावला तर भिंतीपाशी थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचं. ते हा नियम सांगत होते तेव्हा मी कानातलं पाणी काढत होतो. त्यामुळे दुसऱ्याच फेरीत वसंताने माझ्या पायाला हात लावला, तेव्हा मी चकित झालो. लग्नात सासऱ्यांनी ढकलल्याशिवाय हा कोणाच्या पाया पडला नव्हता. तरी वडीलधाऱ्या माणसाने आपलं काम करावं. मी मधोमध थांबलो, वळलो आणि आशीर्वादाला हात वर केला.

"सुखी राहा," एवढं म्हणेपर्यंत मी पाण्याखाली गेलो होतो. माझ्यावर वसंता आला, वसंतावर एक बंगाली बाबू आला आणि त्यांच्यावर कारखान्यातले एक टकले फोरमन आले.

"दादा, पाया कोण पडून राहिलं? बाजूला व्हा म्हणून हात लावला," वसंता खोकत म्हणाला.

मास्टरजींनी इतकी लांब शिट्टी मारली, की वसाहतीतल्या दोन बाया विमानं आली समजून पोरांना घेऊन खंदकात उतरल्या.

पण खरी गोष्ट फेऱ्यांची. त्या दिवशी मास्टरजी म्हणाले, "सेठजी, कल से बीस फेरे."

"बीस? आठ."

"भैया, यह सब्ज़ी मंडी नहीं है. अठारह."

"दस. घुटना देखिए मेरा."

बारावर सौदा ठरला. विसातून आठ फेऱ्या जागच्या जागी कापल्या. घरी येऊन मी विमलला म्हटलं, "फौजेच्या माणसाला खाली आणला." ती पोळी लाटत होती. तिने वर बघितलं नाही. "तुम्हाला कोण हरवणार," एवढंच म्हणाली.

मी रोज बारा फेऱ्या मारू लागलो. बाकीचे लवकर बाहेर पडत. मास्टरजी म्हणत, "इनकी सात बजे की पाली है." मला पटलं. आठ दिवसांनी मास्टरजी पुन्हा म्हणाले, "अब तो बीस." मी म्हटलं, "बारहच." आणि ते एका शब्दात "ठीक है" म्हणाले.

दुकानात बसलो, पण चैन पडेना. एका शब्दात कोणी सोडतं काय? गिऱ्हाइकाला बादलीची किंमत सांगावी आणि त्याने अर्ध्यावर बोट ठेवताच मी "घ्या" म्हणावं, हे केव्हा होतं? माझी खरी किंमत त्याहून खाली असते तेव्हा! माझ्या हातातला तराजू तसाच राहिला. या तलावात काहीतरी काळंबेरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वसंताला सांगितलं, आज गुडघा दुखतोय. आणि त्याच्या आधी पायी जाऊन कपडे बदलायच्या खोलीत आतून कडी लावून बसलो. ब्लॅकआउटसाठी खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला होता. मी त्याचा एक कोपरा नखाने सोलला, डोळा लावला आणि कागद-पेन्सिल घेऊन मोजायला लागलो. नावं कोणाची माहीत होती? मी आपली खूण लिहिली. टक्कल, मिशी, बंगाली, वसंता. पुढे रेघा.

सगळे पाण्याबाहेर निघाले, तेवढ्यात बाहेरून वसाहतीचा पहारेकरी चालला होता. काळ्या कागदात त्याला एक डोळा दिसला.

दार उघडेपर्यंत त्याने दोन वेळा लाथ घातली. "कौन हो?"

"मेंबर हूँ."

"मेंबर पानी में होता है. कमरा बंद करके ब्लॅकआउट का कागज़ कौन फाड़ता है?" मग त्याने माझ्या हातातला कागद ओढला. "यह टक्कल किसका नाम है? और ये लकीरें? किसको भेजनी हैं?"

लढाई चालू, कारखाना दारूगोळ्याचा, आणि माझ्याजवळ माणसांची टोपणनावं आणि पुढे रेघा. गढ्यात बातमी गेली असती तर माझ्या दुकानातून कोणी खिळासुद्धा घेतला नसता.

पहारेकऱ्याने मला दंडाला धरून तलावाकाठी उभं केलं. मास्टरजी आले. ओलेचिंब वसंता, बंगाली बाबू आणि स्वतः टक्कल आले.

"वसंता, सांग यांना मी कोण आहे ते."

"साडू आहेत माझे," वसंता म्हणाला. मग पहारेकऱ्याला, "जासूस नहीं हैं जी. बस, शक्की हैं."

"तो ये छह-छह लकीरें क्यों हैं?"

मास्टरजी कागद बघून सहज म्हणाले, "सबके छह ही फेरे होते हैं, भाई. यही नियम है क्लब का."

तलावाकाठी वसंता हळूहळू पाण्याकडे सरकत होता.

"सबके छह?" मी म्हटलं. "और मेरे बारह?"

पहारेकऱ्याने माझा दंड सोडला. हेर असा रडवेला होत नसावा.

घरी येऊन मी विमलसमोर उभा राहिलो. तिने लपवलंसुद्धा नाही. "मीच सांगितलं वसंताला. दुकानाच्या पडद्यामागून बारा वर्षं ऐकून राहिली मी तुमचे भाव. सहा सांगितल्या असत्या तर तुम्ही दोनवर आले असते. डॉक्टर मला बारा म्हणाले होते. म्हणून वीस सांगा म्हटलं."

"म्हणजे माझीच युक्ती माझ्यावर?"

"मग दुसऱ्या कोणाची चालली असती? काहून चिडून राहिले? गुडघा दुखतो का आता?"

गुडघा दुखत नव्हता. त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी ताठ मानेने क्लबात गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मास्टरजी, आज से छह."

"सेठजी, आपके घुटने को अब दस चाहिए."

"छह."

"नौ."

"सात."

"न आपकी, न मेरी. आठ."

"चलो, आठ. धन्यवाद," मी म्हटलं आणि दहातून दोन कापल्याच्या खुशीत उडी मारली. तिसऱ्या फेरीत, बरोबर मधोमध, माझ्या लक्षात आलं.

त्या दोन जास्तीच्या फेऱ्यांचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. वसंता आता पेन्शनीत आहे, त्याला वेळच वेळ आहे. त्याने माझ्यासमोर बसावं आणि चार माणसांत सांगावं, की सहा फेऱ्यांच्या तलावात मी आठ का मारल्या, आणि वर मास्टरजींना धन्यवाद का दिले.