रोजचे कपडे

फुकट काम करायला माझी कधी ना नसते. पण फुकट राबून वर माणसांचा अपमान उघड्या डोळ्यांनी पाहायचा, एवढं मोठं मन अल्लानं मला दिलेलं नाही. म्हणून परदेशी पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून जायचं मी बंद केलं. लोक अजून विचारतात, बाई, कावून बंद केलं? कुणाकुणाला सांगत बसू, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी धारूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते. घाटाखालच्या एका गावात एक संस्था आहे आणि ती चालवणाऱ्या गृहस्थाला अख्खा भाग ‘भाऊ’ म्हणतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं लई गोड. दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला कारखान्यांच्या भागात जातात, आणि आईबापांच्या मागं लेकरंही ट्रकात चढतात. शाळा सुटते ती उन्हाळ्यापर्यंत. भाऊंनी त्यावर वसतिगृह काढलं. पोरांनी गावातच राहायचं, तिथं जेवायचं आणि शाळा चालू ठेवायची. काम चांगलं होतं, ते मी आजही नाकारत नाही. खर्च परदेशातली कुटुंबं उचलायची. रीत अशी, की पोराचा फोटो तिकडं जायचा, तिकडं कुणीतरी तो पसंत करायचं, मग त्या पोराला वसतिगृहात जागा. फोटो पसंत पडला नाही तर जागा नाही.

त्या साली दिवाळीच्या आधी असे पाच-सहा पाहुणे आले. आठवडाभर पोरांना शिकवणार, शाळेच्या भिंती रंगवणार आणि जाताना फोटो घेऊन जाणार. त्यांच्यात एक वयस्क बाई होती, तिच्या देशातली निवृत्त शिक्षिका. उन्हानं तिचं तोंड लालबुंद व्हायचं, तरी पोरांबरोबर मातीत मांडी घालून बसायची. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं. आता वाटतं, एखादी खडूस बाई असती तर मी आधीच सावध राहिले असते.

आणि एक पोरगी होती, सहावीतली. आदल्या हंगामात उसाच्या फडावर जाऊन आलेली. आईबाप ऊस तोडायचे तेव्हा हिनं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तान्ह्या भावाला सांभाळायचं आणि भाकरी थापायच्या. परत आली तेव्हा वर्ग कुठल्या कुठं पुढं गेलेला. तरी भारी चिवट. माझ्या मागं मागं फिरून विचारायची, “बाई, शेळीला काय म्हनत्यात? खराट्याला काय म्हनत्यात?” तिसऱ्या दिवशी तिनं त्या पाहुण्या बाईचा हात धरून तिला आपल्या दारात नेलं आणि चूल, पाटा, बादली, शेळी असं एकेक दाखवून इंग्रजीत नाव सांगितलं. शेळीला मेंढी म्हणाली, पण ऐटीत म्हणाली.

तिच्या आईनं सगळी जुळवाजुळव आधीच करून ठेवली होती. मला म्हणाली, “ह्या साली सासूला संगं नेतेय बाई, बारक्याला सांभाळाया. हिला हितं ठिवा. औंदा शाळा बुडाली तर ही पुना शाळेत बसायची न्हाई. मंग हिचा बाप सोयरीक बगंल. माझीबी अशीच बगितली व्हती.” एवढं बोलून ती कामाला लागली. तिचं मागणं एवढंच, पोरीला जागा मिळावी.

फोटोच्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात गेले तर लग्नाचं वऱ्हाड उतरल्यासारखं दिसत होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पाहुणे फोटो काढणार म्हटल्यावर आयांनी आपापल्या घरी पोरांना चोळून अंघोळी घातल्या होत्या, चपचपीत तेल लावून भांग पाडले होते, काजळ घातलं होतं, पावडर थापली होती. एका पोराच्या अंगात मामाच्या लग्नात शिवलेला कोट, बाह्या कोपराशी आलेल्या. आणि ही पोरगी पोपटी ड्रेसमध्ये, गळ्याला सोनेरी लेस. दिवाळीला म्हणून आणलेला कपडा आईनं आधीच अंगावर चढवला होता. ओढणी सारखी करत ती ओळीत ताठ उभी राहिली होती.

पाहुण्यांतल्या फोटोवाल्या तरुणानं कॅमेरा खाली घेतला. मला इंग्रजीत म्हणाला, सगळे फार गोड दिसतायत, पण रोजच्यासारखे असते तर बरं झालं असतं, तिकडच्या लोकांना यांचं खरं आयुष्य दिसायला हवं. मी भाऊंकडं वळले तर भाऊंना आधीच कळलं होतं. ते पोरांवर ओरडले, “जा रे, घरी जाऊन रोजचे कपडे घालून या.” पोरं पळाली. काही जण शाळेचा गणवेश घालून आली. “गणवेश नको रे बाबा, घरचे, जुने,” भाऊ म्हणाले. एकाच्या सदऱ्याला हात लावून त्यांनी विचारलं, “ह्याच्याहून जुना न्हाई का?”

आमचे अब्बा धारूरच्या बाजारात फळांचा गाडा लावायचे. सीताफळाच्या दिवसांत पाटीत चांगलं फळ वर ठेवायचं आणि डागाळलेलं खाली, हा धंद्याचा कायदा. खाली काय आहे ते गिऱ्हाइकाला माहीत असतं, पण दुकानदाराची आणि मालाची लाज राखली जाते. इथं भाऊ डागाळलेलं हुडकून वर मांडत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात ती पोरगी परत आली, त्याच पोपटी ड्रेसमध्ये, आणि बरोबर तिची आई. शेतातून तशीच उठून आलेली, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी.

“भाऊ, पोरीला कावून माघारी धाडलं?”

“ताई, कपडे बदलून आण फक्त. पाच मिनिटाचं काम हाय.”

“ह्या कपड्याला काय झालंय?”

“काय झालं न्हाई. चांगला हाय, त्योच तर घोळ हाय. असा फोटो बघून तिकडं कोण म्हनंल हिला गरज हाय?”

आईनं पोरीला आपल्या मागं घेतलं. मग म्हणाली, “जुना फराक हाय घरी. काखंत फाटलाय. पोरगी वयात आली भाऊ, त्यो घालून एवढ्या गड्यांपुढं उभी करू व्हय तिला? अन् पाव्हण्यापुढं फाटकं नेसून जायाची रीत आमच्यात न्हाई.”

भाऊ माझ्याकडं पाहून म्हणाले, “बाई, तुमी समजवा हिला.”

“हिला काय समजवायचं?” मी म्हणाले. “हिचंच बरोबर आहे. तुम्हीच समजून घ्या.” मी त्या वयस्क पाहुणीला बाजूला घेऊन सगळं इंग्रजीत सांगितलं, काखेतल्या फाटक्या फ्रॉकसकट. तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं पोरीला जवळ घेतलं, आणि फोटोवाल्याला म्हणाली, हिचा असाच काढ. पोरगी हसली आणि फोटो निघाला. मग बाईनं आपल्या मोबाइलवरही एक काढला. माझा हात दाबून म्हणाली, काळजी करू नकोस, हिचं मी स्वतः बघेन. मी ते शब्द जसेच्या तसे आईला मराठीत सांगितले. आईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कापूस वेचायला परत गेली.

दिवाळी झाली. गावात ट्रक येऊन लागले तेव्हा भाऊंनी वसतिगृहाच्या पोरांची नावं वाचली. त्यात हिचं नाव नव्हतं. मला फोन आला तशी मी धारूरहून निघाले आणि भाऊंना गाठलं.

“मी काय करू बाई? तिकडून कळवलंय. ही पोरगी गरजू वाटत न्हाई म्हनं.” वर म्हणाले, “मी त्याच दिवशी सांगितलं व्हतं.” मी त्यांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या शर्टाची इस्त्री काही मोडली नाही.

मी त्या पाहुणीला फोन लावला. ती म्हणाली, निवड तिकडची समिती करते, कुणा एकट्याला आपल्या मर्जीनं पोर घेता येत नाही, तिनं प्रयत्न केला होता. फोटोत पोरगी इतकी नीटनेटकी, इतकी जपलेली दिसत होती, की समितीला वाटलं, ज्यांना कुणीच जपत नाही त्यांना आधी घ्यावं. “एका अर्थी ही चांगलीच गोष्ट आहे ना?” असं तिनं मला विचारलं. मी म्हणाले, आई जपते म्हणूनच तर तिला शिकवायला निघाली होती. ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, हिचा फोटो मी माझ्या स्वयंपाकघरात लावलाय, रोज चहा पिताना बघते. मी फोन ठेवून दिला. तिच्या चहाचं मी काय करू?

मी पोरीच्या बापाला म्हणाले, माझ्या घरी ठेवा, धारूरच्या शाळेत घालते. तो मान खाली घालून म्हणाला, “वयात आलेली पोर परक्याच्या घरी कशी ठिवायची, बाई?” परकं म्हणजे काय ते मला कळलं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, एवढीच त्याची मेहरबानी. सासू गावात राहिली. पोरगी बारक्याला काखोटीला मारून ट्रकात चढली आणि भांड्यांच्या पोत्यावर बसली. अंगात तोच पोपटी ड्रेस होता. नवा कपडा तेवढाच होता तिच्याकडं.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. पाहुणीनं मोबाइलवर पाठवलेला तो फोटो मी स्टुडिओतून मोठा करून घेतला आणि गावात गेले. कशाला गेले कोण जाणे, घरी ठेवून त्याच्याकडं पाहवत नव्हतं एवढं खरं. आई दारात भांडी घासत होती. तिनं पदराला हात पुसून फोटो घेतला, पाहिला, मग समोर पाहिलं. पोरगी आतून आली होती. अंगात तोच ड्रेस. पोपटी रंग उडून मातकट झालेला, सोनेरी लेस निम्मी उसवून लोंबत होती, उसाच्या पात्यांनी दोन्ही बाह्या चिरल्या होत्या. आणि काखेत फाटला होता.

“टाक म्हनलं त्यो ड्रेस,” आई म्हणाली, “चुलीत घाल. तर ऐकंना.”

पोरगी फोटो पाहत होती. स्वतःचाच फोटो तिनं बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “न्हाई टाकायचा. पाहुने येतील तवा हाच घालनार हाय मी.” आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “आता घेतील ना ओ बाई मला?”

आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोंड फिरवून पुन्हा भांड्यांपाशी बसली. पोरगी रडली नाही. ती माझ्या उत्तराची वाट पाहत उभी होती. खरं उत्तर ‘हो’ असंच होतं, आणि ते द्यायला माझी जीभ उचलेना.