पद्मिनीचा आयडलर आणि न आलेले कुलकर्णी

आमच्या वडिलांची मोटार आजवर एकदाच नीट दुरुस्त झाली, आणि त्याबद्दल मी घरातल्या सगळ्यांची माफी मागतो.

मोटार म्हणजे पद्मिनी. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण घरात माझ्याहून जास्त मान असलेली. आप्पा, म्हणजे माझे वडील, दर दसऱ्याला तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार घालतात, नाशिकची हद्द ओलांडतात आणि परत येतात. हे आमचं सीमोल्लंघन. यंदा आप्पांना एक्क्याऐंशीवं लागलं. "आता गाडी चालवणं सोडा" म्हणून आई तीन वर्षं त्यांच्या मागे लागली होती. एका सकाळी चहा पिता पिता ते अचानक म्हणाले, "हा दसरा शेवटचा. मग किल्ली तुझ्याकडे." आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. मला मात्र भरून आलं. (मला लवकर भरून येतं. घरात आता त्याकडे कोणी लक्ष देत नाही.) मी मनाशी ठरवलं, आप्पांच्या शेवटच्या फेरीला स्टिअरिंग एका बोटाने फिरलं पाहिजे!

कारण पद्मिनीचं स्टिअरिंग म्हणजे सरकारी कचेरीतला अर्ज होता. डावीकडे वळायचं तर आधी पाव फेरा नुसताच फिरवायचा, मग चाकांपर्यंत निरोप जायचा, मग चाकं विचार करायची, आणि मग एकदाची गाडी वळायची. तोवर वळण मागे पडलेलं असायचं.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा "पॉलिशला नेतो" अशी आप्पांना थाप मारून मी गाडी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ रफीकभाई मेस्त्रींकडे नेली. रफीकभाई गाडीखाली शिरले आणि तिथूनच बोलले.

"साहेब, हे कोण चालवतं?"

"वडील."

"सलाम सांगा त्यांना. आयडलर पार संपलाय. याच्यावर गाडी सरळ जाते म्हणजे कमाल आहे."

आयडलर म्हणजे स्टिअरिंगच्या सळईला दुसऱ्या बाजूने आधार देणारा वीतभर लोखंडी भाग. तो झिजला की स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. रफीकभाईंनी तो काढून माझ्या हातात ठेवला. "असाच नवा आणा. सोपं काम आहे."

 असाच नवा, कागदात गुंडाळलेला आयडलर आमच्याच घरात होता. माळ्यावर, आप्पांच्या हिरव्या पेटीत. पद्मिनीचे सुटे भाग आप्पा आयुष्यभर त्या पेटीत जमवत आले होते. आणि गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी मी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. बदल्यात त्याने एक निळी बादली दिली. वर्षभर आप्पा रोज त्याच बादलीने आंघोळ करत होते, आणि बाथरूममधून पाण्याचा आवाज आला की मी रेडिओ मोठा करत होतो.

तर मग मी आयडलर पिशवीत घालून निघालो. द्वारकाच्या सुट्या भागांच्या दुकानदाराने तो हातात घेतला, वळवून पाहिला आणि काउंटरवरच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना दाखवला. ("बघा, बघा! आमच्या वडिलांच्या काळात विकायचो आम्ही हे!") मग म्हणाला, "सिन्नरला जा, लेथवर लोखंड कातून बनवून देतील." सिन्नरचा लेथवाला म्हणाला, "अहो, हा झिजलेला आहे. याच्या मापाने केला तर नवा कोरा झिजलेला मिळेल. मूळ माप आणा."

"ते कुठे मिळेल?"

"चांदवडला भाऊसाहेब आहेत, कांदेवाले. त्यांच्याकडे सेम गाडी आहे."

भाऊसाहेबांची पद्मिनी कांदे साठवायच्या चाळीशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. मोठ्या मनाचा माणूस. माझं नाव-गाव विचारायच्या आधी चहा आणला.

"माझ्या गाडीला हात लावू देनार नाय," ते म्हणाले, "दिवाळीनंतर पोराचं लगीन हाय, नवरदेव तिच्यातच बसनार. पन घाबरू नका. तुमच्या नाशकातच एक म्हातारबाबा हायेत, त्यांच्याकडं पेटी भरून सामान हाय. लय भला मानूस. थांबा, फोन लावतो."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. पडद्यावर नाव होतं: पद्मिनी आप्पा, नाशिक.

नंबर माझ्या वडिलांचा होता!

"नको, नको, कशाला त्रास..." मी म्हणेपर्यंत फोन स्पीकरवर गेला होता.

"बोला भाऊसाहेब!" आप्पांचा आवाज चाळीभर घुमला.

"आप्पा, नाशकाचे एक पाव्हणे आलेत. आयडलर पायजे त्यांना. हाय का?"

"आहे की! कोरा आहे. पाठवून द्या त्यांना. नाव काय त्यांचं?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल तोंडाला लावला आणि (हे लिहितानाही कान तापतायत) नाकातून म्हणालो, "कुलकर्णी."

"या कुलकर्णी, रविवारी दहाला या. सर्दी झालीय वाटतं? आल्याचा काढा घ्या."

घरी पोचलो तर आप्पा दारातच उभे. इतके खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

"अरे, रविवारी एक कुलकर्णी यायचेत! आपल्याकडचा आयडलर हवाय त्यांना. माळ्यावरून पेटी काढून ठेव."

"हो," मी म्हणालो.  म्हणजे आता मला मीच घालवलेली पेटी शोधून, तिच्यात नसलेला भाग, न येणाऱ्या माणसाला, म्हणजे मलाच, द्यायचा होता. आणि तो मला हवा होता आप्पांच्याच गाडीसाठी! हे मी कागदावर लिहूनही पाहिलं. कळलं नाही.

रविवारी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून नऊलाच बसले. आईने पोहे भिजवले. "कुलकर्णींना कांदा चालतो का रे?" तिने मला विचारलं. "चालतो," मी म्हणालो, आणि दचकलो. मग स्टुलावर चढून अर्धा माळ्यात शिरलो. आप्पांनी खालून स्टूल धरलं.

"डाव्या हाताला बघ."

"नाही दिसत."

"उजव्या हाताला?"

"आप्पा, कुलकर्णींना दुसरीकडे मिळेल."

"असं कसं? शब्द दिलाय मी." आप्पांनी स्टुलावरची पकड बदलली. "पेटी नाही सापडत तर राहू दे. आपल्या गाडीचा काढून देऊ त्यांना. गाडी पॉलिशवाल्याकडेच आहे ना? सांग त्याला."

"आणि आपला दसरा?"

"मी काय, आज ना उद्या सोडणारच होतो. त्यांना अजून गाडी चालवायचीय."

हे मात्र माझ्याच्याने ऐकवेना. आप्पा आपली शेवटची फेरी एका माणसासाठी सोडायला निघाले होते, आणि तो माणूस माळ्यात डोकं घालून उभा होता! मी तिथूनच, जळमटांत तोंड ठेवून, सगळं सांगितलं. पेटी, भंगारवाला, रफीकभाई, सिन्नर, चांदवड, रुमाल.



"म्हणजे कुलकर्णी येणार नाहीत?"

"कुलकर्णी मीच आहे, आप्पा."

"मग सर्दी?"

"नव्हती."

"आणि पेटीच्या बदल्यात काय मिळालं?"

"बादली."

"कुठली?"

"निळी."

स्टूल हललं. आप्पांनी हलवलं की आपोआप हललं, ते मी अजून विचारलेलं नाही. मग ते म्हणाले, "अरे गाढवा, अख्खा आयडलर लागतोच कशाला? आतली छोटी नळी, तो बुश, तेवढा झिजतो. तो करून घ्यायचा लेथवर."

"पण मूळ माप नाही ना!"

"कागद घे. सांगतो."

आणि त्यांनी माप तोंडपाठ सांगितलं! आतलं, बाहेरचं, लांबी, सगळं. मी तीन तालुके पालथे घातले, आणि माप माझ्यासमोर रोज दोन वेळा जेवत होतं. आईने पोहे आणून माझ्यासमोर आपटले. "खा, कुलकर्णी."

सिन्नरला बुश झाला, रफीकभाईंनी बसवला, आणि दसऱ्याच्या सकाळी हार घातलेली पद्मिनी आडगावच्या दिशेने निघाली. मी आप्पांच्या शेजारी, आई मागे. आप्पांनी चाक जरा डावीकडे केलं. गाडी जरा डावीकडे गेली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग चाकावरून हलकेच हात फिरवला. मला वाटलं, शेवटची फेरी आहे, मन भरून आलं असेल. माझं तर आलंच होतं.

हद्द ओलांडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात समोर धरून बघत बसले.

"तीन वर्षं," ते म्हणाले, "मला वाटत होतं माझेच हात गेले. सरळ धरलं तरी गाडी भरकटायची. म्हणून सोडायचं कबूल केलं मी." मग माझ्याकडे वळून असे हसले की बस्स. "हात ठणठणीत आहेत रे! आयडलर गेला होता! आता कशाला सोडू?"

किल्ली फिरली. मागच्या सीटवर आईने देवाला हात जोडले. घरी येऊन मला आपट्याचं पान देताना ती म्हणाली, "तीन वर्षं लागली होती मला त्यांच्याकडून कबूल करून घ्यायला. तू दुरुस्त केलीस ना? आता तूच बसायचं शेजारी."

तेव्हापासून रोज सकाळी मी पट्टा आवळून आप्पांच्या शेजारी बसतो. पूर्वी एक धीर होता, आप्पांनी चाक कुठेही फिरवलं तरी गाडी सहसा ऐकायची नाही. आता ती त्यांचा शब्द न् शब्द ऐकते. आणि ही सोय मी स्वतः, तीन तालुके हिंडून, करून घेतलेली आहे.