नुसत्या स्पिरिटची चकती

उभ्या लातुरात आमच्या केमिस्ट्रीच्या सरांइतका शंकेखोर माणूस दुसरा सापडणार नाही. आम्ही एकाच कोचिंग क्लासात शिकवायचो, मी बायोलॉजी, ते केमिस्ट्री, आणि राहायचो भिंतीला भिंत लावून. गृहस्थ लग्नात मठ्ठा प्यायच्या आधी खिशातून लिटमसचा कागद काढायचे. एकदा नवरीच्या बापानं ते पाहिलं आणि तो बिचारा पंगत उठेपर्यंत यांच्यामागं हात जोडून फिरत होता. प्रयोगात तुलनेचा नमुना ठेवायला विसरलेल्या पोराची वही तर ते तपासायचेच नाहीत. तुलना नाही तर प्रयोग नाही, संपला विषय.

असा माणूस दर रविवारी कंबरमोडीच्या मागे. रस्त्याकडेला उगवते, जखमेवर पाला चोळून लावतात, तीच ती. कारण होतं त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, डावा पाय. त्र्याण्णवच्या भूकंपात निलंग्याकडच्या गावी अक्कांच्या पायावर भिंतीचा दगड पडला. आईनं कंबरमोडीचा पाला वाटून आणला आणि नुकत्याच बीएस्सी झालेल्या सरांनी, जखमेत जंतू जातील म्हणून, तो फेकून दिला. डॉक्टर येईपर्यंत जखम चिघळली. दोन बोटं गेली. पाला जंतू मारत असेल तर बोटं आपणच घालवली, असं सरांच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

त्यापायी अक्कांचं स्वयंपाकघर बेजार. डाळीच्या पाण्यात चायनाग्रास शिजवून काचेच्या बशांत थिजवायचा, त्यावर नासक्या दुधातले जंतू पसरायचे, पाल्याचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क लावलेली कागदाची चकती मधोमध ठेवायची, आणि बशी उबेला तुरीच्या पोत्यात. वरणात काय निघंल देव जाणे, असं अक्का म्हणायच्या. दर सोमवारी चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं दिसायचं. मग सर टॅनिन, फ्लेव्होनॉइड अशी पाल्यातल्या रसायनांची नावं पुटपुटत बसायचे आणि दोन दिवस अक्कांच्या पायाकडे बघायचे नाहीत. मला कीव यायची, रागही यायचा.

एका रविवारी मी सहज विचारलं, "सर, नुसत्या स्पिरिटची चकती कुठंय?"

सरांनी हातातली बशी खाली ठेवली. ज्यासाठी इतक्या पोरांना झापलं, ती चकती स्वतः इतकी वर्षं ठेवलीच नव्हती. त्या दिवशी त्यांनी दोन ठेवल्या, एक अर्काची, एक नुसत्या स्पिरिटची. सोमवारी क्लासात एकच समीकरण तीनदा फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी पोत्यात हात घालायचा त्यांना धीर होईना, शेवटी बशी मीच काढली.  दोन्ही चकत्यांभोवती अगदी सारखं कडं होतं. म्हणजे जंतू मारले ते स्पिरिटनं, पाल्याबद्दल काहीच कळलेलं नव्हतं.

मला वाटलं, माणूस सुटला. सर मात्र बशीतच बघत राहिले. "म्हंजे बोटं कशानं गेली ते अजून ठाऊकच न्हाई," एवढंच म्हणाले.

अक्का पोळी लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बोटं दगडानं नेली, बापू. तू मन रमवून राहिलास म्हणून मी बोलले न्हाई. लई चुकलं माझं."

पुढच्या रविवारी बशा निघाल्या नाहीत. भाजी चिरताना विळीवर अक्कांचं बोट कापलं. सर उठून बाहेर गेले, कंबरमोडीचा पाला तळहातावर चोळत आले, आणि अक्कांनी बोट पुढं केलं.  लिटमसचा कागद त्यांच्या खिशातच होता.