निळ्या फुलाचा दावा

नेरच्या बाजारात कौसल्याबाई गाद्या शिवते आणि तिला लागणारं कापड मी विकतो. म्हणून तिच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे. तोंडाची फटकळ, हाताची साफ, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. नवरा डोमाजी मशीनवर कापूस पिंजतो. मशीनच्या आवाजात बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, असं तो सांगतो. मशीन बंद असतानाही त्याला ते ऐकू येत नाही.

गादीची खोळ शिवून झाली की कौसल्याबाई एका कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याचं फूल काढायची. लग्नात लेकीला गादी द्यायची तर निळ्या फुलाचीच, असं आमच्याकडच्या बायका ठरवूनच बाजारात येत. फूल म्हणजे तिची सही होती.

तिच्या हाताखाली शिकलेल्या नंदाबाईनं रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान टाकलं आणि तीही कोपऱ्यावर तेच फूल काढू लागली, तेव्हा भडका उडाला. कौसल्याबाई तरातरा रस्ता ओलांडून गेली.

"नंदे, फूल कायले काढून राह्यली? ते माहं हाय."

"मावशी, तुम्हीच तं शिकवलं. मले दुसरं येतच नाई," नंदाबाई म्हणाली. ती खरंच बोलत होती, पण खरं ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

तेवढ्यात इंद्रजित वकील टपकला. या माणसाला भांडणाचा वास दुरून येतो. कोंबडा पहाटे आरवतो म्हणून शेजाऱ्यावर आणि वरातीत बँड बेसूर वाजला म्हणून बँडवाल्यावर दावे लावून द्यायचा पराक्रम त्याच्या नावावर आहे. त्यानं कौसल्याबाईला 'ट्रेडमार्क' हा शब्द शिकवला. तिला तो इतका आवडला की आठवडाभर ती गिऱ्हाइकांशीही त्याच शब्दात बोलत होती. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात दावा लागला. निळं फूल फक्त कौसल्याबाईचं, नंदाबाईनं ते वापरू नये, अशी मागणी होती. कापडवाला म्हणून मला साक्षीदार केलं. मला कोणी विचारलंही नाही.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या सालची. भाव पडलेले. आज ना उद्या वाढतील म्हणून लोकांनी कापूस विकलाच नव्हता, घरात रचून ठेवला होता. खाटेला जागा नाही, पण कापूस आत, अशी घरोघरी तऱ्हा. असा कापूस घरात फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणून घरात राहिलेला कापूस कडक उन्हात चांगला तापवल्याशिवाय पिंजायचा नाही, हा कौसल्याबाईचा नियम होता. नंदाबाईलाही तिनं तो घोकून घोकून शिकवला होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या रामरावांच्या लेकीचं, प्रेरणाचं लग्न झालं. लग्नाचं सामान विकणाऱ्या बाबुलालच्या दुकानातून रामरावांनी निळ्या फुलाची गादी घेतली. बाबुलाल दोघींच्याही गाद्या ठेवायचा. प्रेरणा सासरी गेली आणि नवरा-नवरी दोघंही खाजवायला लागले. पाहुण्यांदेखत खाजवत. जावई तर जेवताना एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं पाठ सांभाळत होता. व्याह्यांनी रामरावांना मानसिक त्रासाची नोटीस पाठवली. लिहून देणारा अर्थातच इंद्रजित.

मला तेव्हा हसू आलं होतं, पण बाजारात हसण्यासारखं काही उरलं नाही. निळ्या फुलाची गादी खाजते, एवढंच गावभर झालं. कोणाची ते बाबुलालला आठवेना. कौसल्याबाई सांगत सुटली की गादी नंदीची. नंदाबाई रडून सांगायची की माझी नाही. गिऱ्हाईक दोघींच्याही दारातून परत जाऊ लागलं. ज्या बाईवर हे शेकेल तिचं दुकान बंद, हे उघड दिसत होतं. नंदाबाईच्या घरात तर कमावणारं दुसरं माणूसच नव्हतं.

इंद्रजितनं ती गादी व्याह्यांकडून मागवून घेतली. नकली माल कसा असतो याचा हा जिवंत पुरावा, असं त्याचं म्हणणं. तारखेच्या दिवशी आम्ही सगळे एकाच एसटीनं यवतमाळला गेलो. दोघी बायका दोन टोकांना बसल्या आणि निरोपांची ने-आण मी केली.

कोर्टाच्या व्हरांड्यात गादी ठेवलेली होती. तिच्यापासून सगळे चार हात लांब उभे. आत काय भरलंय ते दाखवायला इंद्रजितनं कोपऱ्याची शिवण उसवली होती. कौसल्याबाई मोठ्या तोऱ्यात वाकून पाहायला गेली आणि तशीच वाकलेली राहिली. फुलाच्या खाली, आतल्या बाजूनं, टाके पक्के बसावेत म्हणून जुन्या लुगड्याच्या काठाची एक पट्टी टाचलेली होती. तिच्याच लुगड्याची. नंतर तिनंच मला सांगितलं: लग्नसराईत अवकाळी ढग आले होते, बाबुलाल माल मागत डोक्यावर बसला होता, आणि तिनं कापूस न तापवताच डोमाजीकडे पिंजायला टाकला होता. पट्टीही घाईत हाताला लागली ती लावली होती.

तिनं मला बाजूला ओढलं. "भाऊ, हे माही गादी हाय."

इंद्रजितच्या कानावर ते गेलंच. तो घाईनं जवळ आला. "बाई, गप्प राहा. कोणाले माहीत हाय? आजच निकाल आपल्या बाजूनं लागते."

मी काय केलं असेन? दुसरीकडे पाहिलं. लाज वाटते, पण खरं आहे.

आत पुकारा झाला. न्यायाधीश शांत गृहस्थ होते. निळं फूल कोणाचं, असं त्यांनी विचारलं.

"साहेब, फूल माहं हाय," कौसल्याबाई म्हणाली. "म्हणून हे खाजरी गादीबी माहीच हाय. म्या कापूस तापवला नाई. नंदीचा यात काही दोष नाई. मले दावा चालवाचा नाई."

इंद्रजितनं कपाळावर हात मारला. मला मात्र त्या फटकळ बाईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते मी लपवलेही नाहीत.

परतीच्या गाडीत नंदाबाई आपण होऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, काहून बोलल्या? गप्प राह्यल्या असत्या तं जिंकल्या असत्या."

"जिंकली असती वं. पण मंग फूल काढाले हातच उचलला नसता माहा."

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई रामरावांच्या घरी गेली, व्याह्यांकडेही गेली, आणि गादी माझीच म्हणून दोन्ही दारांत सांगून आली. व्याह्यांनी नोटीस गुंडाळली. महिनाभर तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. मी फुकट कापड देऊ केलं, तेही तिनं नको म्हटलं, पैसे मोजूनच घेतलं. तिनं कापूस मात्र छपरावर तापवला, पिंजून घेतला, नवी गादी शिवली आणि रामरावांना बोलावलं.

"अगोदर तुम्ही झोपा यावर. मंगच लेकीकडे न्या."

भर बाजारात, दुकानाच्या ओट्यावर, रामराव आढेवेढे घेत आडवे झाले. लोक खिदळत होते. थोड्या वेळात ते घोरायला लागले आणि त्यांची बायको शोधत आली तेव्हाच उठले. पाठ खाजवून पाहिली, मग दंडही पाहिले. "कौसल्याबाई, घरच्यासाठीबी एक शिवा," ते म्हणाले.

"माह्याकडून लवकर नाई होणार. नंदीकडून घ्या. तिची गादी कधी खाजली नाई."

रामरावांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. माणूस एकदा पोळलेला. त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, "अन् खाजली तं भांडाले कोणाकडे येऊ?"

नंदाबाई सुई हातात घेऊनच आपल्या दुकानाच्या ओट्यावर आली.

"माह्याकडे!"